धवल्यातली नावं

माजिवड्यात लग्न ठरलं की भटजींच्याही आधी चंद्रभागेला आवतण जायचं. ती धवलारीण. हळद दळण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं जे गाणं असतं, तो धवला, तिला तोंडपाठ होता. तिशीच्या आतच तिचा नवरा खाडीत बुडून गेला होता. पण मांडवात तिला कोणी मागं बसवलं नाही. तिनं सूर लावल्याशिवाय नवरीला हळदच लागत नसे.

शहाऐंशी साली शेजारच्या दामाजीच्या मालनचं लग्न निघालं, आंबिवलीच्या उत्तमशी. चंद्रभागेचा भाचा गुणाजी डोंबिवलीला कारखान्यात होता. तो कुणाकडून तरी टेपरेकॉर्डर मागून घेऊन आला.

"आत्या, तू नेहमीसारखी गा. तुझ्यामागं हे राहायला पाहिजे."

तिला बरं वाटलं. हळदीपासून नवरी निघेपर्यंत ती गायली. धवल्यात नवरानवरीचं नाव यायचं तिथं मालन आणि उत्तम घालत गेली. संध्याकाळी गुणाजीनं तिचाच आवाज तिला ऐकवला, तेव्हा पदर तोंडाला लावून ती कितीतरी वेळ हसत होती.

गुणाजीनं नातेवाइकांसाठी दोन कॅसेटी भरून दिल्या. त्यांच्यावरून आणखी कुणी भरून घेतल्या. बघता बघता बाळकूम, कोलशेत, पार कल्याणच्या पलीकडच्या गावांतसुद्धा तो आवाज जाऊन पोचला. लाउडस्पीकरवाला भिवा तर एक कॅसेट पेटीतच ठेवायचा. लोकांना सोयीचं झालं. कॅसेटला बोलवायला जावं लागत नाही, तिचा घसा बसत नाही. चंद्रभागेला येणारी आवतणं हळूहळू गाण्याची न राहता नुसती पाहुणी म्हणून यायला लागली.

लग्नाला तीन वर्षं होतायत तोवर उत्तम काविळीनं गेला. मालन बापाकडे परत आली. कुणाकडे जायची नाही, बोलायची नाही. चंद्रभागेच्या मनात आलं, पोरीला धवले शिकवावेत. नवरा नसलेल्या बाईला मांडवात उभं राहायला तेवढी एक जागा होती.

दोघी दुपारी ओटीवर बसायच्या. मालनचा आवाज बारीक, पण एकदा ऐकलेली ओळ ती विसरत नसे. फक्त नावांच्या जागी अडखळायची.

"तिथं नवीन नवरीचं नाव घालायचं, बाय," चंद्रभागा सांगायची. "गानं थांबत नाय."

दोन पावसाळे गेले आणि मालन न अडखळता गायला लागली.

ब्याण्णवच्या वैशाखात आळीतल्या विश्रामच्या मुलीचं, शुभदाचं लग्न होतं. चंद्रभागा आपणहून विश्रामकडे गेली, म्हणाली, या वेळी मालन माझ्यासोबत गाईल. विश्राम हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. हळदीच्या दिवशी दोघी नवरीजवळ जाऊन बसल्या. बायकांनी हळदीची वाटी पुढं केली. चंद्रभागेनं मालनला खूण केली. मालननं श्वास घेतला, तेवढ्यात मांडवावरचा कर्णा खरखरला.

"मालनबायला चढली हलद, उत्तम नवऱ्याची..."

सगळ्या आळीत ते नाव घुमलं. मालन खाली बघत तशीच बसून राहिली.

चंद्रभागा उठून भिवाकडे गेली. "बंद कर ते."

भिवानं विश्रामकडे पाहिलं. विश्राम जवळ आला, आवाज चढवला नाही त्यानं. "मावशी, राहू दे ना. व्हिडिओवाला खोळंबलाय."

"अरे, नवरी शुभदा हाय. नाव दुसरीचं लागलंय."

"गाणंच आहे ना. नावं कोण ऐकतंय?"

चंद्रभागा परत येऊन नवरीपाशी उभी राहिली आणि शुभदाचं नाव घेऊन स्वतःच गायला लागली. पण वर कर्ण्यात तिचाच सहा वर्षांपूर्वीचा आवाज होता, भरलेला, मोकळा. त्याखाली तिचं आताचं गाणं तिला स्वतःलासुद्धा ऐकू येईना. एका बाईनं मायेनं तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली. ती बसली. मान वळवून पाहिलं तर मालन निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती डोंबिवलीला गुणाजीकडे गेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. कपाटातली कॅसेट काढली, तिच्यासमोर मोडली, आतली पट्टी ओढून तोडून टाकली.

"माझ्याकडची गेली, आत्या. बाकीच्या कुठं कुठं आहेत ते मलाच ठाऊक नाही. कुणाकुणाला सांगू?"

त्याची चूक आहे असं तिला म्हणवेना. ती चहा पिऊन परत आली.

आठवड्यानं आळीतल्याच धोंडिबाकडे लग्नाची हळद होती. सकाळीच कर्णा लागला, तशी चंद्रभागा मालनच्या घरी गेली. मालननं आधीच खिडकी लावून घेतली होती. चंद्रभागेनं दारही लोटलं. तरी ऐकू येत होतं.

"काकी," मालन म्हणाली, "तवा तुजा आवाज लय चांगला लागला होता."

चंद्रभागा तिच्याजवळ बसून राहिली. बाहेर कॅसेट पुढं जाऊन नवरी सासरी निघण्याचा धवला सुरू झाला होता. धोंडिबाकडच्या नवरीला हळद तर अजून लागायची होती.