डावा गाल

फोटोग्राफर ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या घरात कुठलीही गोष्ट दहादा विचारून घेणारी मीच. "लोर्ना, तूच बघ यार," माझी धाकटी बहीण बेव्हर्ली म्हणाली. "तू लोकांचं डोकं खातेस ना, ते एकदा तरी कामाला येऊ दे." लग्न तिचंच, माहेरी गोराईला. मी बोरिवलीला राहते आणि स्टुडिओ सगळे इकडेच.

मी हो म्हटलं ते मात्र वेगळ्या कारणाने. बेव्हर्लीने माझ्या मुलीला, किमला, फ्लॉवर गर्ल केलं होतं, चर्चमध्ये नवरीपुढे फुलं घेऊन चालणारी.

किम चार वर्षांची. तिच्या डाव्या गालावर, डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत, जांभळट लाल डाग आहे. जन्मापासूनचा. डॉक्टर झाले, लेसर झालं. शेवटच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "याहून फिका होणार नाही. आता तिला सवय होऊ द्या." सवय कसली, आपल्याला डाग आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. तिच्यासाठी तो नाकासारखाच, आहे तर आहे. ठाऊक होतं ते मला. रिक्षाच्या रांगेत कोण बघतं, बघून कोण पटकन मान वळवतं, कोण आपल्या मुलाला जवळ ओढतं. तिला कळण्याचा दिवस येणार होता, तो मी पुढे ढकलत होते. तेवढंच माझ्या हातात होतं.

किमला घेऊन स्टुडिओत गेले, तिथे धवल म्हणून माणूस भेटला. चाळिशीचा, हसतमुख. मोठ्या स्क्रीनवर त्याने लोकांची लग्नं दाखवली. नवऱ्या सगळ्या सारख्याच दिसत होत्या, चेहरे घासून काढल्यासारखे. मग त्याची नजर किमवर गेली आणि तिथेच थांबली.

"बेबी फ्लॉवर गर्ल का? क्यूट! टेन्शन नका घेऊ मॅडम, ते आम्ही काढून टाकतो. कळणार पण नाही."

"काय काढणार?" खुर्चीवर पाय हलवत किमने विचारलं.

"तुझा फोटो," मी म्हटलं आणि तिला बाहेर मासे बघायला पाठवलं. काचेच्या टाकीला ती नाक लावून उभी राहिली, तोवर मी आवाज खाली आणला. "हिच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही. आहे तशी ठेवायची."

"लोक तर उलट सांगतात."

"मी हे सांगतेय."

"ओके, ओके. पण एक बोलू? उजव्या साइडने घेऊ. मग प्रश्नच नाही."

"दोन्ही साइडने घ्या."

"दोन्ही साइडने," तो म्हणाला आणि हसला. हट्टी गिऱ्हाइकाला हसतात तसं.

आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी असतं. बँड लावून बायका विहिरीवर जातात, घागरी भरून आणतात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. धवलने हे कधी पाहिलेलं नव्हतं. वरातीच्या पुढे तो उलटा चालत फोटो काढत होता.

"ए फोटोवाल्या, मागे बघ रे!" इग्नेशियस मामा ओरडला. "विहिरीत पडलास तर आम्ही पाणी कुठून आणायचं?"

सगळे हसले. किमही हसली. तिच्या डोक्यावर इवलीशी घागर होती आणि एका हाताने ती धरून ती अगदी ताठ चालत होती, मोठ्या बायकांसारखी. तेवढ्यापुरती मी बघायची थांबले, कोण तिच्याकडे बघतंय ते.

विहिरीवर पहिली घागर माझ्या मम्मीने भरली. मग तिने हात त्या पाण्यात बुडवला आणि किमच्या डाव्या गालावरून फिरवला. एकदा, परत एकदा. तिचे ओठ हलत होते.

"मम्मी, काय करतेस?"

"काय नाय गो. ऊन लागलं पोरीला."

सूर्य केव्हाच समुद्रात उतरला होता.

"आजी, हे कसलं पाणी?" किमने विचारलं.

"उंबराचं. यानं सगळं चांगलं होतं, बाळा."

धवलचा फ्लॅश लखलखला. लग्नघरात, बँडसमोर काय बोलणार?

पावसाळा तोंडावर आला तेव्हा ॲल्बम आला. रविवारी आम्ही गोराईला गेलो. बेव्हर्लीही आली होती. किम माझ्या मांडीवर बसली आणि मी पहिलं पान उघडलं. विहीर. मम्मीचा ओला हात, त्याखाली झाकलेला किमचा गाल. पुढच्या फोटोत किम कॅमेऱ्याकडे बघत होती, आणि गाल कोरा होता. दुधासारखा, कुणाचाही असावा तसा.

मी पान उलटलं. परत उलटलं. चर्चच्या पायऱ्या, मांडव, केक. सगळीकडे तीच परकी मुलगी, माझ्या मुलीच्या फ्रॉकमध्ये.

बेव्हर्ली माझ्याकडेच बघत होती. "मी सांगितलं धवलला," ती म्हणाली. "तू भांडशील म्हणून बोलले नाही. अगं, किती गोड दिसतेय बघ ना! हेच फोटो राहणार. उद्या मोठी झाली, कोणी बघायला मागितले तर..."

"तर काय?"

"जाऊ दे ना. प्रेमानेच केलं ना मी?"

प्रेमानेच केलं होतं, म्हणून तर भांडायला जागा नव्हती. मम्मीने पुढे वाकून त्या कोऱ्या गालावर ओठ टेकवले आणि क्रूसाची खूण केली.

किमने आधी फोटोवर बोट ठेवलं. मग स्वतःच्या गालावर. मग उठून ती कपाटाच्या आरशासमोर जाऊन उभी राहिली. कितीतरी वेळ.

बोटीतून खाडी ओलांडताना मी तिला मोबाइलमधले फोटो दाखवले. बीचवरचे, वाढदिवसाचे. "ही बघ, ही खरी तू. त्या फोटोतला गाल त्या अंकलने कॉम्प्युटरवर पुसलाय."

तिने नीट बघितले. "हे पाण्याच्या आधीचे आहेत," ती म्हणाली.

पाण्यानंतरचा, लग्नातला माझ्याकडे एकही नव्हता. फोटोग्राफर होता, म्हणून मी मोबाइल पर्समधून काढलाच नव्हता. जेट्टीवर उतरल्या उतरल्या धवलला फोन लावला.

"ओरिजिनल? मॅडम, ब्राइडने ॲल्बम ओके केला की आम्ही डिलीट करतो. सीझनला जागा कुठे असते?"

"एकपण नाही?"

"एकपण नाही. का, बेबी मस्त आली ना?"

घरी आल्यावर मी पर्स ठेवते तोवर बाथरूममधून नळाचा आवाज यायला लागला. पाटावर चढून किम वॉश बेसिनसमोर उभी होती. ओंजळीने पाणी घेत होती आणि गालावर चोळत होती, आजीसारखं, ओठ हलवत. फ्रॉक पुढून सगळा भिजला होता. गाल चोळून चोळून आणखीच लाल झाला होता.

"किम, पुरे."

तिने आरशात बघितलं. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. मोठ्या माणसासारखं समजून घेत ती म्हणाली, "हे नळाचं आहे ना, म्हणून जात नाही."

मी नळ बंद केला.

"मम्मा, आता लग्न कोणाचं आहे?"

"कोणाचंच नाही गं."

तिने थोडा विचार केला. "मग माझं कधी?"

टॉवेल घेऊन मी खाली बसले. एरवी ती तोंड पुढे करून डोळे मिटून घेते. आज तिने मान वळवली आणि मला उजवा गाल दिला. दुसरा, माझ्या हातातून टॉवेल घेऊन, तिचा तिनेच पुसला.