टाळ्यांखाली दबलेला गडगडाट

मित्रांनो, शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावी मारुतीच्या देवळामागच्या खोलीत, खिळ्याला टांगलेला एक जुना पत्रा आहे. तो मी. पूर्वी मी कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या छपरावर होतो. छप्पर बदललं तेव्हा नाटकाचं पडद्यामागचं काम पाहणाऱ्या भटूनानांनी मला उचलून आणलं, वरच्या कडेला दोन भोकं पाडून दोर ओवला आणि यात्रेतल्या नाटकात मला ढगांचं काम दिलं. पडद्यामागे मला गदागदा हलवलं की आभाळ गडगडतं.

काम मानाचं होतं, पण मला सुख नव्हतं. कारण ते भाषण.

नाटकाच्या शेवटी गडाच्या दारात चाळीसच माणसं उरतात. सेनापती त्यांना म्हणतो, "गड्यांनो, मागे वळून पाहा. आपल्या चुलींचा धूर दिसतो ना? तो दिसतोय तोवर हे दार सोडायचं नाही!" सेनापतीचं काम करणारे सुकदेवआबा तीस वर्षं हे बोलत आले. शेवटचा शब्द संपला की तलवार वर जायची आणि मगच मी गरजायचं, असा नेम. पण नेमक्या त्याच क्षणी टाळ्या पडत. माझा गडगडाट त्यांच्याखाली दबून जाई.

दुसऱ्या दिवशी गावभर तेच भाषण. परीक्षेला निघालेल्या पोरालाही आई म्हणे, "धूर दिसस ना रे? मंग मांगे सरू नको!" पत्रा काय गरजला, असं मात्र कुणी कधी म्हटलं नाही. मी जळत राहिलो.

यंदा आबांना दम लागू लागला. त्यांनी ते काम आपल्या नातीला, पुनमला दिलं. यात्रा समितीचे नवलभाऊ म्हणाले, "आबा, पोरले जमनं नही, ते पुढला साले ऑर्केस्ट्रा आनसूत."

"जमी," आबा म्हणाले. "मनी नात शे."

मी मनात म्हटलं, पडू दे ते भाषण एकदाचं. एकदा तरी लोकांना मीच ऐकू येईन! नाटक जाऊन ऑर्केस्ट्रा आला तर माझी रवानगी बकऱ्यांच्या गोठ्यावर होईल, हे मत्सरापायी मला सुचलंच नाही.

दिवेलागणीला नाटक सुरू झालं. शेवटी पुनम पुढे आली. "गड्यांनो, मागे वळून पाहा..." एवढं म्हणाली आणि अडली. घाबरून तिने तलवारीचा हात छातीशी नेला. भटूनानांना हल्ली कमी ऐकू येतं. पडद्याच्या फटीतून पाहताना त्यांना वाटलं, तलवार वर गेली. त्यांनी मला जोरात हलवलं.

त्या शांततेत मी असा गरजलो, की साऱ्या गावाने ऐकलं. आणि समोरून ट्रॅक्टरवाला अभिमन आभाळाकडे पाहत ओरडला, "नानाऽ, पानी उनं का हो?"

सगळे खो खो हसले. पुनमचे डोळे भरून आले. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि मी नुसता वाजणारा पत्रा ठरलो होतो.

अभिमनलाही वाईट वाटलं असावं. तो उठून उभा राहिला. "रडू नको व माय! आमले बठ्ठं पाठ शे." आणि त्यानेच पुढचं म्हटलं, "आपल्या चुलींचा धूर दिसतो ना?" बायकांतून सुनंदाबाईंनी तेच म्हटलं, मग पोरांनी, म्हाताऱ्यांनी, सगळ्यांनी. पुनमने डोळे पुसले. हात वर करून तिने गावाला थांबवलं आणि शेवटचं वाक्य एकटीने म्हटलं, "तो दिसतोय तोवर हे दार सोडायचं नाही!"

तलवार वर गेली. ओशाळलेल्या नानांना मात्र दोर हलवायचा धीर होईना. शेजारी बसलेल्या आबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "हालव रे भटू, आते तुनी बारी!"

मी गरजलो आणि टाळ्यांखाली पुन्हा दबलो. नवलभाऊही टाळ्या वाजवत होते.

खोटं कशाला बोलू? माझं जळणं अजून गेलेलं नाही. त्या भाषणाला गंज चढत नाही, खिळा लागत नाही. ते शेकडो तोंडांत राहतं आणि मी एका भिंतीवर. म्हणून मित्रांनो, पावसाळ्याआधी माझ्यावर तेलाचा हात फिरवा, माझा दोर तपासा. आणि ते भाषण पाठ करा, सगळंच्या सगळं. तुम्ही ते विसरलात, तर मी कोणत्या शब्दानंतर गरजायचं?