लॉलरच्या माणसांना निरोप

मोतीबाई लॉलर पुसदच्या दवाखान्यात नर्स होती. तिचा बाप टिमथी लॉलर मूळचा आयर्लंडचा. कापसाच्या जिनिंग कारखान्यातली इंजिनं सांभाळायला आला आणि बंजारा तांड्यातल्या रुक्माबाईशी लग्न करून इथलाच झाला. मोती तीन वर्षांची असताना तो तापानं गेला. रुक्माबाईनं लेकीला माहेरच्या तांड्यातच वाढवलं.

सुगीनंतर भाट तांड्यात यायचा, घराघराची वंशावळ म्हणायचा. खेमसिंगमामाच्या पिढ्या तो एका दमात सांगे. मोतीपाशी आला की विचारे, "हिच्या बापाचा बाप कोन?" कुणी हसत नसे, पण सगळे गप्प होत. ते गप्प होणं तिच्या मनातून कधी गेलंच नाही.

एकोणीसशे बासष्टमध्ये तिनं आयर्लंडला जायचं पक्कं केलं. रजा मिळाली, पासपोर्ट आला, एप्रिलची बोट ठरली. यवतमाळच्या चर्चमधल्या फादरनी आधीच सांगून ठेवलं होतं, "डब्लिनची जुनी सरकारी दप्तरं बरीचशी जळाली. पण गावोगावच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची पुस्तकं पाहा. गाव मात्र माहीत हवं."

म्हणून ती तांड्यावर आली. रुक्माबाई अंगणात तूर पाखडत होती.

"याडी, बाबा गावाचं नाव काय सांगत?"

"गाव नाही आठवत. क्लेर जिल्हा म्हने, समुद्राजवळ. काहून?"

"त्याइच्या मायबापाचं नाव शोधाले."

"सापडलं तं काय करशीन?"

"भाटाले सांगीन."

रुक्माबाईनं सूप खाली ठेवलं.

"त्याची माय होती, मोती. एक बहीणही होती. माह्याशी लगन केलं तवापासून त्यानं घरी चिठ्ठी धाडली नाही. तो मेला तं मी कोनाले कळवू? मले ना लिहिता येत होतं, ना पत्ता ठाऊक. ती माय वाट पाहूनच गेली असंल."

मोतीबाई खाली बसली. इतकी वर्षं तिला फक्त आपलंच काही हरवलंय असं वाटत आलं होतं. तिकडेही एका घरात कुणी तरी असंच गप्प होत असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मंग मी काय करू, याडी?"

"नाव शोध. पन आधी त्याचं कोनी मानूस शोध. त्याले सांग, तो एकटा नाही मेला. डोकं माह्या मांडीवर होतं."

मोतीबाईनं बेत बदलला. डब्लिनमध्ये थांबायचं नाही. थेट क्लेअर गाठायचं, गावोगावच्या चर्चमधली पुस्तकं पाहायची आणि लॉलर नावाचं दार दिसलं की ठोठावायचं.

एप्रिलमध्ये मायलेकी धामणगाव स्टेशनवर आल्या. मुंबईची गाडी दिसू लागली तशी रुक्माबाई म्हणाली, "इंग्रजीत कसं सांगशीन? म्हनून दाखव."

मोतीबाईनं सावकाश म्हणून दाखवलं. शेवटी तिला रडू फुटलं. रुक्माबाईला एक शब्द कळला नाही, तरी ती मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"हव," ती म्हणाली. "असंच सांग. अन् रडू नको, नाही तं त्याइले समजनार नाही."