बावीस वर्षांचं नाव

अवधूत सावंतला त्या नावाचे साडेपाच लाख यायचे होते. हिशेब सोपा होता. बावीस वर्षं, वर्षाला पंचवीस हजार. त्यातून दलालाचे पंधरा टक्के वजा केले की उरतात चार लाख सदुसष्ट हजार पाचशे. लेकीची, मनवाची, हॉटेल मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षाची फी चार लाख वीस हजार. वर उरलेल्या साडेसत्तेचाळीस हजारांत दोन दारांचा फ्रिज बसत होता. परळच्या दुकानात जाऊन अवधूतनं त्याची दोन्ही दारं उघडून बघितलीही होती.

नाव म्हणजे इंटरनेटवरचं नाव. गिरणगावचीखाणावळ डॉट कॉम. त्याची आई, आनंदीबाई, लालबागच्या चाळीत गिरणीकामगारांना जेवू घालायची. दोन हजार तीन साली अवधूत दादरच्या एका क्लासात कॉम्प्युटर शिकला आणि शिकलेलं कुठेतरी वापरावं म्हणून हे नाव स्वतःच्या नावावर नोंदवून बसला. गिरण्या बंद, खाणावळ बंद, वेबसाइटवर माशाच्या ताटाचा एक फोटो. पण नावाचं वर्षाचं भाडं तो भरत राहिला. ह्या माणसानं आयुष्यात धरून ठेवलेली ती एकच गोष्ट, असं त्याची बायको दर्शना म्हणायची. ती परळच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये होती आणि मोजूनमापून बोलायची.

मग लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात हॉटेल काढणाऱ्या कंपनीला नेमकं हेच नाव हवंय, असा निरोप घेऊन स्वप्नील आला. हा नावांची दलाली करायचा.

"काका, डोमेन जेवढं जुनं तेवढा भाव. बावीस वर्षांचं म्हणजे खजाना आहे तुमच्याकडे. मार्केटमध्ये कुणाकडे असतं एवढं जुनं?"

अवधूतनं दोन हजार तीनची पिवळी पडलेली पावती दाखवली. स्वप्नीलनं तिचा फोटो काढला, सहा हजार रुपये घेतले आणि चार पानांचा मूल्यांकन अहवाल करून दिला. त्यात पंचवीस हजार गुणिले बावीस हे गणित रंगीत छापलं होतं.

"अहो, फीची शेवटची तारीख तीस जून आहे," दर्शना म्हणाली. "पतपेढीचा फॉर्म आणून ठेवू का?"

"घरात खजिना असताना कर्ज कसलं काढतेस?" अवधूत म्हणाला. तेव्हा जूनची सतरा तारीख होती, मंगळवार.

त्याच दिवशी दुपारी तो कंपनीत गेला. समोर अक्षदा मॅडम, तिशीच्या, लॅपटॉप उघडून. तिनं अहवाल चाळला आणि दोन बटणं दाबली.

"सर, ह्यात बावीस वर्षं लिहिलंय. नोंदणी तर ऑक्टोबर दोन हजार पंधराची दिसतेय."

"शक्यच नाही. ही बघा पावती."

"पावती खरी असेल. पण मध्ये हे नाव सुटलं होतं. मुदत संपून रद्द झालं आणि तुम्ही परत नवीन घेतलंत. मग तारीख नव्यानं सुरू होते."

अवधूतला आठवलं. दोन हजार पंधरा. त्या वर्षी भाडं भरायचं राहिलं. मग दंडासकट भरा म्हणून ईमेल आले, दंड साडेचार हजार. तो गणपतीला गावी गेला, परतला तोवर पितृपक्ष लागला होता. पितृपक्षात घरात नवं काही आणायचं नाही, हा आईचा कायदा. मग घटस्थापनेलाच भरू म्हणून तो थांबला. घटस्थापनेला बघतो तर नाव बाजारात पडलेलं, कुणी विचारत नव्हतं. सातशे रुपयांत परत मिळालं. दंड वाचला! त्यानं ऑफिसात पेढे वाटले होते.

"बरं, दहा वर्षं तर आहेत ना?" तो म्हणाला. "पंचवीस हजारांनी अडीच लाख होतात."

"सर, वयावर भाव लावायला तो काय जुना तांदूळ आहे? नावाला किती लोक विचारतात, त्यावर साइट चालते का, हे बघतात. तुमच्या साइटवर एक ताट आहे." ती हसली नाही, हेच त्याला जास्त लागलं. "नाव आम्हाला आवडलंय म्हणून नव्वद हजार देऊ. शुक्रवारपर्यंत सांगा. छपाई सुरू करायचीय."

खाली उतरताच त्यानं स्वप्नीलला फोन लावला. "तू तारीख तपासली नाहीस? नव्वद हजार म्हणतायत ते!"

"काका, पावती तुम्ही दाखवलीत. मी काय तुमच्यावर शक घेऊ? आणि घाबरता कशाला, पार्टी गरम आहे. नव्वद बोलली म्हणजे दोन लाख देणार. धरून ठेवा."

घरी येऊन अवधूत आईवर घसरला. आनंदीबाई कोलंबी सोलत बसल्या होत्या.

"आये, तुझ्या पितृपक्षानं माझी बारा वर्षं खाल्ली!"

"माझ्या?" आनंदीबाईंनी कोलंबीचं डोकं मोडलं. "मी नवा काय घेव नको म्हटलंय. जुना सोडूक कोणी सांगलेला तुका?"

"तू म्हणालीस घटस्थापनेपर्यंत थांब."

"माका विचारलंस कधी? तू साडेचार हजारांक भियालंस, आणि नाव माझा पुढे केलंस."

मनवा दारात उभी होती. "बाबा, नव्वद घ्या आणि मोकळे व्हा ना. उरलेल्याचं बघू."

"नव्वदात तुझी पाव फी पण निघत नाही."

"पण पाव पावच ना? आता तर काहीच नाहीये."

"तुला व्यवहारातलं काय कळतं?"

"हॉटेल चालवायचंय मला, बाबा. गिऱ्हाईक उठून जायच्या आत ऑर्डर घ्यायची, एवढं तर कळतं."

अवधूतनं बुधवारी कंपनीला ईमेल लिहिला, अडीच लाख मागितले. गुरुवारी उत्तर आलं नाही म्हणून दोन लाख लिहिले. शुक्रवारी त्याला वाटलं, आता नव्वदला हो म्हणावं. पण हो म्हटलं असतं तर मंगळवारीच म्हणायला काय हरकत होती, ह्या प्रश्नाचं उत्तर दर्शनाला द्यावं लागलं असतं. म्हणून तो संध्याकाळी सहापर्यंत फोन उलटा ठेवून बसला. शनिवारी सकाळी त्यानं स्वतःच अक्षदा मॅडमला फोन केला.

"नव्वद चालतील, मॅडम."

"सर, काल रात्री दुसरं नाव नक्की झालं. पाट्या छापायला गेल्या."

"मग ऐंशी? साठ?"

"सर, आता फुकट दिलंत तरी आम्ही त्याचं काय करू?"

त्यानं फोन ठेवला तेव्हा दर्शना कामावर न्यायची पिशवी भरत होती. तिनं काही विचारलं नाही. त्याला मात्र वाटत होतं तिनं विचारावं, म्हणजे ओरडता तरी येईल.

"स्वप्नीलनं फसवलं," तो शेवटी आपणहून म्हणाला.

"हो."

"आणि ती बाई. माजलेली होती."

"हो. फॉर्मवर पती म्हणून सही लागते. इथे करा."

पतपेढीचा फॉर्म भरलेला होता. तारीख सतरा जून. म्हणजे त्यानं खजिना खजिना केलं त्याच दिवशी तिनं तो आणला होता, हे वाचून अवधूतला कुणावर चिडावं तेच कळेना. त्यानं सही केली, पेन टेबलावर आपटलं, आणि ते घरंगळत खाटेखाली गेलं तेव्हा त्यालाच वाकून काढावं लागलं.

कंपनीनं नवीन नाव घेतलं आठशे रुपयांत. स्वप्नीलचे सहा हजार स्वप्नीलकडे राहिले. त्यानं फोनवर एवढंच सांगितलं की फी अहवालाची होती, विक्रीची नाही. अवधूतचा खर्च झाला तो त्याच सहा हजारांचा, आणि पुढच्या वर्षी हे नाव ठेवायचं की सोडायचं ह्यावर त्यानं अजून तोंड उघडलेलं नाही. मनवाची फी एकोणतीस जूनला भरली गेली. चार लाख वीस हजार. ते भरले दर्शनानं: महिन्याला नऊ हजार एकशे बत्तीस, तिच्या पगारातून, साठ हप्ते.