गाडी गॅस घेत नाही

त्याने निळ्या पाइपची पकड पुन्हा घट्ट केली, गॅसच्या टाकीची चावी उघडली आणि मीटरच्या काट्याकडे डोळे वटारून पाहिलं. काटा जिथल्या तिथे. इंजिन सुरू, एसीचं बटण दाबलेलं, पंखा फुल, आणि आतून येतेय ती गरम हवा.

"घे ना, घे!" तो गाडीवर खेकसला. "का आमंत्रण पाठवू?"

गाडी मोठ्या भावाची होती. दादा काल संध्याकाळी आईला न्यायला आला, रात्री राहिला, आणि आज निघताना बघतो तर एसी बंद. रस्ता दिवसभराचा, ऊन डांबर वितळवणारं, आणि उकाड्यात आईला भोवळ येते. एसीशिवाय निघायची सोयच नव्हती. आणि घराच्या खालीच धाकट्याचं गॅरेज, तेही गाड्यांच्या एसीचं. मग दुसरीकडे जायचं कशाला?

"होतंय का रे?" दादा कानाला फोन लावूनच डोकावला. "नाहीतर उद्या निघू आम्ही."

"उद्या कशाला? आजच जायचं."

"अरे, पण घाई काय आहे?"

"घाई तुम्हाला आहे. मला काही नाही," असं म्हणत त्याने पान्हा इतक्या जोरात ठेवला की तो बाकावरून घरंगळून खाली गेला. दादा फोनवर बोलत बोलत फाटकाकडे सटकला. धाकट्याचा राग नाकावर असतो हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

आई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. प्रवासाचे कपडे, मांडीवर पर्स. तिने तोंडात मिठाची गुळणी धरली होती, आणि त्याचाच त्याला सगळ्यात जास्त संताप येत होता.

महिन्यापूर्वी तिच्याकडून वरचा नळ चालू राहिला. पाणी जिन्यावरून उतरून गॅरेजात आलं आणि गिऱ्हाइकाच्या गाडीची उतरवून ठेवलेली सीट चिंब झाली. तेव्हा तो तिला वाट्टेल ते बोलला. शेवटी म्हणाला, "जा दादाकडे, म्हणजे मी तरी सुटेन!" माणूस रागात बोलतो. आई दोन दिवस अबोला धरेल आणि मग नेहमीसारखी दुपारी खाली येऊन, तो काय करतोय ते बघत, नको ते प्रश्न विचारत बसेल, असं त्याने गृहीत धरलं होतं. तर दुसऱ्याच दिवशी तिने 'सवड मिळाली की न्यायला ये' म्हणून दादाला फोन लावला. एका शब्दावर! इतकी वर्षं जवळ राहिली, आणि एका शब्दावर बॅग भरली. बरं, जायचं तर जा. तो काही पाया पडणार नव्हता.

याच तिरमिरीत त्याने सकाळपासून काम चालवलं होतं. गॅस गळला असणार असं ठरवून उरलेला काढला. पंप लावून पाइप रिकामे केले, गळती शोधली. गळती नव्हतीच. नवा गॅस सोडला, तो थोडा आत गेला आणि अडला. कॉम्प्रेसर फिरला की तो गॅस ओढून घेतो. हा ढिम्म हलत नव्हता. शेवटी त्याने तारेला टेस्टर लावला. कॉम्प्रेसरपर्यंत करंटच पोचत नव्हता.

तळपायाची आग मस्तकात गेली, आणि या खेपेला स्वतःवरच. कुठलाही शहाणा माणूस जे आधी बघतो, ते तो सगळ्यात शेवटी बघत होता. त्याने बॅटरीशेजारच्या फ्यूजच्या डब्याचं झाकण उचकटलं.

कॉम्प्रेसरला करंट जोडून देणारा एसीचा रिले जागेवर नव्हता. जळलेला नाही, सैल नाही, नव्हताच. आगपेटीहून लहान तो काळा ठोकळा कोणीतरी उपटून नेला होता आणि झाकण पुन्हा नीट लावून ठेवलं होतं.

दादाचं हे काम नव्हे. त्याला बॉनेट उघडायचा खटकाही सापडत नसे. कोणता ठोकळा काढला की एसी बंद पडतो, हे या घरात आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं. त्यानेच एका दुपारी दाखवलं होतं, तिने विचारलं म्हणून. आणि बॅग ठेवायला म्हणून पहाटे गाडीची किल्ली तिनेच मागून नेली होती.

तो हात न पुसताच जिन्यापाशी गेला आणि तळवा पुढे केला.

"दे."

आईने वर पाहिलं. मग पर्स उघडली, चष्म्याची डबी काढली आणि तिच्यातला रिले त्याच्या हातावर ठेवला.

"अगं, सकाळपासून मरतोय मी त्या गाडीशी!" आवाज दाबायला त्याला फार कष्ट पडत होते. "जायचं नव्हतं, तर तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"तू सांगितलंस?" आईचा आवाजही चढला. "महिना झाला. 'राहा' म्हणालास एकदा तरी?"

तो गाडीकडे वळला. रिले जागेवर दाबून बसवला. टक्कन आवाज होऊन कॉम्प्रेसर फिरू लागला, आणि सकाळपासून अडलेला गॅस मुकाट आत गेला. त्याने गाडीत वाकून एसीच्या जाळीपुढे हात धरला. हवा गार येत होती. त्याने पाइप काढून गुंडाळला.

आवाज ऐकून दादा आत आला. "झालं? शाब्बास रे! आई, चल, ऊठ."

"गाडी झाली. तू नीघ," धाकटा म्हणाला.

"म्हणजे? आणि ही?"

"ती माझ्यावर रागावलीय. ते मिटल्याशिवाय कुठे जायची नाही."

दादा आईकडे वळला.

"मिटायला वेळ लागेल," आई पायरीवरूनच म्हणाली.