एक तास पन्नास मिनिटं

विमानतळावरच्या चौकशीच्या खिडकीत कोपर टेकून उभ्या असलेल्या एका आजोबांना धाकटीनं मान वर न करताच सांगितलं, "अकराशे चाळीस किलोमीटर. एक तास पन्नास मिनिटं. थेट विमान आहे, रोज."

आजोबा बाजूला झाले. मागे तिची ताई उभी, त्याच विमानानं गावाहून आलेली. हातात एक कापडी पिशवी, पायांत घरातल्याच चपला.

"किती म्हणालीस?"

धाकटीनं समोरचे कागद उगाच सारखे केले. "ताई! अगं, न कळवता? आई कुठाय?"

"शेजारच्या मावशी बसल्यात तिच्याजवळ. तिला म्हटलं, औषधं आणायला चाललेय. रद्दी बांधताना या विमानाची जाहिरात दिसली. म्हटलं, बघून तरी येऊ आपली बहीण किती लांब राहते ते. चारच्या विमानानं परत जाईन." ताई हसली. "चहासुद्धा अर्धाच राहिला माझा. विमानातल्या बाईनं कप ठेवला नि लगेच म्हणते, पट्टा बांधा."

नोकरी लागली तेव्हा धाकटीनं घरी सांगितलं होतं, दोन विमानं बदलावी लागतात, मध्ये एक रात्र काढावी लागते. तेव्हा ते खरंच होतं. पुढे थेट विमान सुरू झालं, ते सांगायचं राहून गेलं. आधी आठवडाभर, मग वर्षभर. आई अंथरुणाला खिळल्यावर ती एकदाच जाऊन आली. ताई आईची चादर बदलत होती आणि ही पाणी आणायच्या निमित्तानं दाराआड उभी राहिली होती, रिकामा तांब्या घेऊन. त्यानंतर ती दोन विमानं तिच्या फार उपयोगी पडली.

"थेट विमान आत्ताच..." ती पुटपुटली.

"आत्ताच कसलं!" शेजारच्या खिडकीतली सहकारीण मध्येच बोलली. समोरची बाई कोण, हे तिच्या गावीही नव्हतं. "चार वर्षं झाली की! पहिल्या दिवशी केक ह्यांनीच तर कापला. तो बघा फोटो, भिंतीवर."

ताईनं जवळ जाऊन, चष्मा पुसून फोटो पाहिला. परत येऊन तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं धाकटीला वाटलं.

तेवढ्यात ताईचा फोन वाजला.

"हो आई. रांग मोठी आहे गं, संध्याकाळ होईल मला." आईला कमी ऐकू यायचं, म्हणून ताई मोठ्यानं बोलत होती आणि पलीकडचा आवाजही तसाच बाहेर येत होता.

"धाकटीचा फोन आला का गं?"

"येईल. कामात असेल."

"तिला म्हणावं, उगाच मनाला लावून घेऊ नकोस. एवढ्या लांबून पोरीनं यायचं तरी कसं?"

"तेच तर," ताई म्हणाली. "लांबच पडतं तिला."

धाकटीनं खिडकीतून हात बाहेर काढला. ताईनं क्षणभर त्या हाताकडे पाहिलं आणि फोन दिला.

"आई, मी बोलतेय. मी ताईबरोबर येतेय. दिवेलागणीला पोचते."

आईनं हळूच विचारलं,

"आजच्या दिवेलागणीला?"