मानाच्या गाडीचा क्राउन

मेहुण्यावर आंधळा विश्वास ठेवणाऱ्याला आमच्या गव्हाण गावात कुणी शहाणा म्हणत नाही. मी ठेवला. आता बोंब मारून उपयोग नाही, तरी मारतो.

माझी जीप कंपनीच्या साहेबांना घेऊन पनवेल ते वापी पळते. सगळा सपाट हायवे, आणि इंजिन मात्र उगाच बोंबलत डिझेल पीत असायचं. माझा मेहुणा प्रणित याचं कळंबोलीला ट्रक टर्मिनलजवळ गॅरेज आहे. तो म्हणाला, "भावोजी, मागच्या एक्सलमधला क्राउन-पिनियन बदलू. गाडी तेवढीच पळंल, इंजिन कमी फिरंल." त्याने दुसऱ्या मॉडेलची दातेरी जोडी भंगारातून शोधून बसवली. अ‍ॅव्हरेज खरंच वाढलं. चढाला तेवढा गाडीचा दम गेला, पण वापीच्या रस्त्याला चढ आहे कुठे? मी खूश होऊन त्याला घरी मटणाचं जेवण घातलं.

प्रश्न होता चैत्राचा. चैत्रात आमची आळी खंडाळ्याचा घाट चढून कार्ल्याला एकवीरा आईला जाते. सगळ्यांत पुढे मानाची गाडी. तिच्यात आळीतली सर्वांत वडील बाई देवीची ओटी मांडीवर घेऊन बसते. वडिलांच्या टेंपोपासून हा मान आमच्या घरात आहे, आणि आता ओटीही माझ्याच आईच्या, भीमाबाईच्या मांडीवर असते. आळीचा नियम एकच. घाटात मानाची गाडी अडली आणि मागची पुढे गेली, तर मान त्या गाडीचा. तो परत मागायचा नाही.

म्हणून यात्रेआधी मी गाडी प्रणितकडे नेली आणि त्याच्याकडेच ठेवलेली माझी जुनी जोडी परत बसवायला सांगितली. त्याच्या गॅरेजात कोपऱ्यात एक जीप उभी होती, माझ्याच मॉडेलची. त्याने नुकतीच घेतलेली, आणि घेतल्या घेतल्या तिचा क्राउन तुटलेला. "यात्रेला न्यायची व्हती ही," तो हळहळून म्हणाला. मलाही वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी गाडी घ्यायला गेलो. माझा जुना क्राउन जोर लागला की कुंईं करायचा. घरातल्या माणसाच्या घोरण्यासारखी त्याची सवय झाली होती. तो आवाज काही येईना.

"नवीन ऑइल टाकलाय, म्हणून गप हाय," प्रणित म्हणाला.

"जुनाच बसवलास ना?"

"आई एकवीरेची शपथ."

आमच्यात या शपथेपुढे बोलणं संपतं. माझंही संपलं.

निघायच्या सकाळी माझी बायको समृद्धी म्हणाली, "यंदा आपण मागं राहू. मान देऊ कुणाला तरी." मी तिच्यावर खेकसलो. सणासुदीला हिला अवदसा आठवते, असंही म्हणालो.

घाटात ट्रेलर बंद पडला होता. वाहनांची रांग लागलेली, भर चढावर थांबायचं आणि पुन्हा उचलायचं. गाडीत माणसं गच्च. पहिला गिअर टाकून क्लच सोडला, गाडी थरथरली, पण हलेना. दोनचार वेळा तसंच झालं आणि जळका वास गाडीभर पसरला.

"कमलाकर, काय जलतंय रं?" आईने विचारलं. मी पुन्हा क्लच सोडून बघितला.

तेवढ्यात मागून प्रणितची जीप आली. तीच, कोपऱ्यातली. माझ्या शेजारून चढताना तिने जोर धरला आणि माझ्या कानात शिरलं, कुंईं.

"प्रणित! तो माझा क्राउन हाय!"

माझ्या पुढे गाडी थांबवून तो खाली उतरला. मान वर केली नाही. "भावोजी, यात्रा झाली का परत देनार व्हतो. वाटला, तुमची पयल्यावर चढंल."

मला त्याचं थोबाड फोडायचं होतं. पण ओटी वाटेत थांबवायची नसते. बायकांनी आईला उतरवलं. ती पदराखाली ओटी सांभाळत प्रणितच्या गाडीत पुढच्या सीटवर बसली. गाडी निघाली तशी तिने खिडकीतून मागे बघून मला धीर दिला. "घाबरू नको बाला, आवाज अगदी आपल्या गाडीसारखा हाय."

माझ्या गाडीतली माणसं वाटून घेत आळीच्या गाड्या एकामागून एक वर गेल्या. रस्त्याच्या कडेला मी आणि समृद्धी राहिलो.

"मी सकाली बोलले व्हते ना, मागं राहू," ती म्हणाली.

मी तिच्याकडे वळलो. "तुला ठाव व्हता?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादानं शपथ घातली व्हती. एकवीरेची."

म्हणजे माझ्यापुढे त्याने शपथ खोटी घेतली, आणि त्याने घातलेली माझ्या बायकोने पाळली. चीड कुणाची यावी तेही मला कळेना. गाडी मागे सरकायला लागली होती. मी दगड शोधला आणि चाकाला लावला.